मे-जून जिरोनात राहणार आहे, सायकलीसाठी शांत रस्ते कोणते?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. मी लातूरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, तीन वर्षांमागं निवृत्त झालो. वय एकसष्ट. सायकल कधी सुटली नाही. शाळा अकरा किलोमीटरवर होती, जाणं-येणं सायकलवरच. आता गिअरची घेतलीय. आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेपाचला निघतो, रविवारी साठ-सत्तर किलोमीटर होतात. गेल्या दिवाळीत खरोशाच्या लेण्यांपर्यंत जाऊन आलो, दमलो पण गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

पोरगी स्पेनमध्ये जिरोना विद्यापीठात संशोधनाला आहे. दोन महिने या म्हणून बोलावू लालीय. मे आणि जून. ती सकाळी प्रयोगशाळेत गेली की संध्याकाळीच येणार, मग मी दिवसभर खोलीत काय करू? म्हणून रोज नकाशा घेऊन बसतोय. चढ कुठं, नदी कुठं, हे कळतं. रस्त्यावर गाड्या किती, हे नकाशा सांगत नाही.

भीती गाड्यांचीच आहे. मागच्या साली रेणापूर रस्त्यावर माझ्यासोबतच्या मित्राला ट्रक घासून गेला. खुबा मोडला, सहा महिने अंथरुणावर होता, सायकल कायमची सुटली. तेव्हापासून मागून मोठा हॉर्न वाजला की माझे हात आपोआप ब्रेकवर जातात. तिकडं कोस्ता ब्राव्हा म्हणून समुद्रकाठ आहे आणि सान फेलिउ ते तोस्सा असा डोंगराच्या कडेनं जाणारा एक रस्ता दिसतोय. तो शांत असतो का? समुद्र मी आयुष्यात चार वेळा बघितला, त्यातल्या तीन वेळा शाळेच्या सहलीत, आणि लक्ष सगळं पोरं मोजण्यात. एकदा सावकाश बघायचाय.

आणखी दोन गोष्टी. उजवीकडून सायकल चालवायची सवय कशी करावी? आणि मी शाकाहारी आहे, एकादशी धरतो. वाटेत खायला काय मिळतं? सायकल इथून न्यावी का तिकडं भाड्यानं घ्यावी, तेही सांगा.

---

गोदाकाठची, नांदेड (सध्या छत्रपती संभाजीनगर)

गुरुजी, नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळं मी चार वर्षं जिरोनात राहिले. नांदेडला नववीनंतर माझी सायकल सुटली होती, ती तिथं पस्तिसाव्या वर्षी परत हातात घेतली. त्या भागातले रस्ते मला माहेरच्या गल्ल्यांसारखे पाठ आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

सगळ्यात आधी एक सांगते. शांतता समुद्रकाठी शोधू नका. किनाऱ्यावर हॉटेलं आहेत, म्हणून तिथं गाड्या आहेत. समुद्रापासून पंधरा-वीस किलोमीटर आत या, म्हणजे एम्पोर्दाची गावं लागतात. गव्हाची शेतं, दगडी घरं, चर्चचा मनोरा, आणि गावातून गावात जाणारा एकेरी वाटावा इतका अरुंद डांबरी रस्ता. तासाभरात पाच-सहा गाड्या भेटल्या तर पुष्कळ.

हे रस्ते ओळखायची खूण क्रमांकात आहे. एपी-७ हा मोठा मार्ग, तिथं सायकलीला बंदीच. एन-२, सी-३१, सी-६५, सी-६६ यांवर ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या, तेही टाळा. ‘जीआय’ने सुरू होणारे मध्यम. ‘जीआयव्ही’ने सुरू होणारे म्हणजे गावांना जोडणारे, आपल्या झेडपीच्या रस्त्यांसारखे, फक्त खड्डे नाहीत. नकाशात जीआयव्ही दिसला की डोळे झाकून धरा. मी पहिले तीन महिने दिशादर्शक ॲपवर विसंबून सी-६६ वरून जात राहिले आणि सायकल सोडावी असं वाटायला लागलं होतं. शेजारच्या एका आजोबांनी कागदावर ही अक्षरं लिहून दिली, तेव्हापासून सगळंच बदललं.

पहिले आठ दिवस मात्र तुम्ही कारिलेतवरच जा. कारिलेत म्हणजे छोटी रेल्वे. जिरोनापासून अशा दोन अरुंद लायनी होत्या, एक डोंगराकडं ओलोतला, दुसरी समुद्राकडं सान फेलिउ दे गिशोल्सला. १९६९ मध्ये दोन्ही बंद पडल्या. रूळ निघाले आणि त्याच पट्टीवर आता पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांची वाट आहे. सान फेलिउची वाट चाळीस किलोमीटरच्या आसपास, ओलोतची पंचावन्नच्या आसपास. रेल्वेची पट्टी असल्यामुळं छातीवर येणारा चढ नाही. मोटारगाडी नाही, फक्त मधेमधे रस्ता ओलांडावा लागतो. बहुतेक वाट दाबलेल्या मातीची आहे, म्हणून बारीक टायरची सायकल घेऊ नका, जरा रुंद टायरची मागा.

सान फेलिउकडं निघालात की पहिलं गाव लागतं क्वार्त. कुंभारांचं गाव. पुढं कासा दे ला सेल्वा, मग ल्यागोस्तेरा, आणि तिथून उतार लागतो. जुन्या स्टेशनांच्या इमारती अजून उभ्या आहेत. मधल्या टापूत बुचाच्या ओकची झाडं दिसतील, बुंधा खालून सोललेला, लालसर तपकिरी. बाटल्यांची बुचं याच सालीची. साल पूर्ण भरून यायला बारा-चौदा वर्षं लागतात, तोवर झाडाला कोणी हात लावत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं झाडाला रोग पडलाय.

आठ दिवसांनी पाय मोकळे झाले की एल्स आंजल्सचा डोंगर चढा. जिरोना शहराच्या पाठीमागूनच रस्ता सुरू होतो. दहा किलोमीटरच्या आसपास, झाडीतून, एकसारख्या सौम्य चढाचा. वर ४८५ मीटरवर देवीचं जुनं ठाणं आहे. चित्रकार दालीनं १९५८ मध्ये त्याची बायको गाला हिच्याशी तिथंच चर्चच्या विधीनं लग्न केलं. तिथून हवा स्वच्छ असली तर एका बाजूला पिरेनीजची बर्फाची रांग आणि दुसऱ्या बाजूला समुद्राची पट्टी दिसते. दमल्याचं विसरायला होतं. पलीकडं उतरलात की माद्रेमान्या, मग मोनेल्स. मोनेल्सचा कमानींचा चौक चुकवू नका, थंड दगडी ओट्यावर पाठ टेकून बसा. पुढं पेराताल्यादा. नावाचा अर्थच ‘कोरलेला दगड’. गावाभोवतीचा खंदक खडक कापून काढलेला आहे. वेरूळ बघितलेल्या माणसाला छिन्नीच्या खुणा कशा वाचायच्या ते सांगायला नको. तिथून पाल्स, आणि पाल्सच्या खाली भातशेती. हो, समुद्राच्या इतक्या जवळ भात. मे-जूनमध्ये खाचरांत पाणी भरलेलं असतं.

रोकाकोर्बा नावाच्या चढाबद्दल तिथं सगळे बोलतील. जिरोनात व्यावसायिक शर्यतपटू राहतात, ते त्या चढावर स्वतःला तपासतात. शेवटचे किलोमीटर फार खडे आहेत. तुम्ही नका जाऊ. त्याच्या पायथ्याशी बान्योलेसचं तळं आहे, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या वल्हवण्याच्या शर्यती तिथं झाल्या. त्या तळ्याभोवतीचे सपाट रस्ते तुमच्यासाठी.

आता तुमचा समुद्रकाठचा रस्ता, जीआय-६८२. बावीसेक किलोमीटर आहे आणि वळणं वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५, असं तिथले लोक सांगतात. मी मोजली नाहीत, पण खोटं वाटत नाही. एकीकडं कडा, खाली पाणी, मधे पाइनची झाडी. तो शांत आहे का? जुलै-ऑगस्टमध्ये बिलकुल नाही. रविवारी मोटारसायकलवाले असतात, त्यांचा आवाज वळणाआधी कानात येतो. मे महिन्यात, सोमवार ते गुरुवार, सकाळी आठच्या आत मात्र तो रस्ता तुमचा एकट्याचा असतो. आणि जायचं ते तोस्साहून सान फेलिउकडं, उलटं नाही. तिथं उजवीकडून चालायचं असतं. उत्तरेकडं तोंड केलं की समुद्र उजव्या हाताला येतो, मधे दुसऱ्या बाजूच्या गाड्या येत नाहीत. थांबायचे सज्जे त्याच बाजूला लागतात. ल्यागोस्तेरापर्यंत कारिलेत, तिथून डोंगरातून तोस्साला उतरणारा रस्ता, मग हा किनारा, आणि सान फेलिउहून परत कारिलेतनं घरी. सगळं मिळून शंभरच्या आसपास. एका दिवसात करू नका, तोस्सात मुक्काम करा.

गाड्यांची भीती म्हणालात. तुमच्या मित्राचं वाचून अंगावर काटा आला. तिथं नियम असा की सायकलला ओलांडताना गाडीनं कमीत कमी दीड मीटर अंतर ठेवायचं, आणि ते पाळतात. वळणावर अंतर मिळत नसेल तर मागं सावकाश येत राहतात, हॉर्न वाजवत नाहीत. कातालुन्याची मोठी सायकल शर्यत, व्होल्टा, १९११ पासूनची आहे, त्यामुळं रस्त्यावर सायकल असणं त्यांना नवल नाही. सुरुवातीला मागं गाडी आली की मी घाबरून उतरून बाजूला उभी राहायची. एकदा एका बाईनं काच खाली करून हातानं खूण केली, चला, चला, मला घाई नाही. त्या दिवशी मी खरी सायकल शिकले.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. मदतीचा फोन ११२.

खाण्याचं दुसऱ्या उत्तरात लिहिते, भाजी फोडणीला टाकलीय.

---

म्हैसमाळकर

ताईंनी रस्ते सांगितले, मी सायकलीचं सांगतो. गुरुजी, इथून नेऊ नका. खोक्यात भरायची, मुंबईपर्यंत रेल्वेनं न्यायची, विमानात काही वाकलं तर परक्या गावात दुरुस्ती. दोन महिने राहणार आहात तर महिन्याच्या बोलीनं भाडं ठरवा. पेडल आणि सीट मात्र आपली न्या. बसायची सवय ज्या सीटची, तीच पाहिजे.

भाड्याची सायकल घेताना ब्रेक आधी तपासा. आपल्याकडं बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. युरोपात बहुतेक ठिकाणी तो डाव्या हातात असतो. उतारावर घाबरून सवयीनं डावा दाबला आणि पुढचं चाक अडलं तर माणूस हँडलवरून पुढं जातो. मी फ्रान्समध्ये असाच पडलो, मनगट दोन महिने प्लास्टरमध्ये. दुकानदाराला सांगून तारा बदलून घेता येतात, पाच-दहा मिनिटांचं काम. भाड्यानं देणाऱ्यानं मला ते सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आरसा डाव्या बाजूला लावा. चौकातल्या गोल बेटाला तिथं उलट्या दिशेनं वळसा घालतात, म्हणून आत शिरताना डावीकडं बघायचं.

चढाची तयारी लातूरला होणार नाही, तिथं सपाटी. आठवड्यातून एकदा येडशीच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या बाजूला, कपिलधारच्या रस्त्याला जा. संभाजीनगरला आलात तर खुलताबादहून म्हैसमाळ चढू, मी सोबत येतो. म्हैसमाळ सौम्य गिअरात बसूनच चढता आलं, तर एल्स आंजल्सला तुम्हाला काही अडचण येणार नाही.

---

गोदाकाठची, नांदेड

खाण्याचं. सकाळी ‘पा आंब तुमाकेत’ मागा. भाजलेल्या पावावर टोमॅटो अर्धा कापून घासतात, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ. सगळीकडं मिळतं. दुपारी ‘एस्कालिवादा’ मिळाली तर नक्की घ्या, वांगं आणि ढोबळी मिरची निखाऱ्यावर भाजून, सोलून, लांब फाडी करून तेलात ठेवलेली. आपल्या भरताची मोठी बहीण, फोडणीविना. वर मासळी ठेवलेली नाही ना एवढं विचारा.

फसवणारी गोष्ट म्हणजे ‘व्हेजिताल’ नावाचं सँडविच. नाव भाजीचं, आत बहुतेकदा ट्यूना मासा आणि अंडं. सॅलडवरही तो मासा टाकतात. म्हणून एक वाक्य पाठ करा, ‘सेन्से कार्न नी पेश’, म्हणजे मांस-मासा नको. बटाट्याची तोर्तिया म्हणजे अंड्याचं ऑम्लेट, एकादशीला धोका. एकादशीसाठी खजूर आणि केळी बाजारात मिळतात. लातूरहून शेंगदाणा-गुळाचे लाडू न्या, पण तूप, पेढे, खवा बॅगेत घालू नका. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. माझ्या सासूबाईंनी दिलेलं दोन किलो तूप विमानतळावर काढून घेतलं, त्या आठवणीनं अजून वाईट वाटतं.

दुपारी दोन ते पाच गावातली दुकानं बंद. रविवारी तर बहुतेक दिवसभर. पाणी गावाच्या चौकातल्या नळावर भरायचं, वर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर पिऊ नका.

वाऱ्याचं विसरलेच. त्रामुंताना. उत्तरेकडून पिरेनीज ओलांडून येतो, कोरडा, थंड. आभाळ लख्ख निळं असतं म्हणून माणूस फसतो. फिगेरेस, रोसेस, कादाकेस या बाजूला तर त्याचा जोर इतका की सायकल आडवी जाते. तो सुटला की त्या भागात जायचं नाही, कारिलेतच्या झाडीत राहायचं. हलका असेल तर जाताना उत्तरेकडं जा आणि येताना त्याला पाठीशी घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर दक्षिणेकडून गार्बी नावाची झुळूक येते, तिचा त्रास नाही.

---

परळीचा

थोडं वेगळं सुचवतो. मी कामानिमित्त इटलीत जेनोव्हाला तीन वर्षं होतो. गुरुजींना समुद्र शांतपणे बघायचा आहे आणि वळणांच्या रस्त्याची धास्ती आहे, तर पोरीच्या सुट्टीत चार दिवस लिगुरियाला जाऊन या. सान लोरेन्झो अल मारे ते ओस्पेदालेत्ती अशी चोवीस किलोमीटरची सायकलवाट थेट पाण्याच्या कडेनं आहे, सपाट, डांबरी. हीसुद्धा जुनी रेल्वेच, फक्त मोठी. २००१ मध्ये रूळ आत डोंगराखाली नेले आणि किनाऱ्याची पट्टी मोकळी झाली. मधे बोगदे आहेत, सानरेमोजवळचा एक तर पावणेदोन किलोमीटरचा, आत दिवे आणि गारवा. मिलान-सानरेमो शर्यत १९०७ पासून आहे, तिच्या विजेत्यांचा इतिहास त्या बोगद्यात मांडलाय. शेजारच्या ऑरेलिया रस्त्यावर मात्र सायकल नेऊ नका, गाड्यांचा नुसता लोंढा.

मी रात्रपाळी करून सकाळी तिथं जायचो. परळीला थर्मलच्या राखेच्या रस्त्यानं सायकल मारलेला मी, त्या वाटेवर पहिल्या दिवशी दोन तास नुसता बसून होतो.

---

मांजराकाठ, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. म्हैसमाळकर, ब्रेकचं सांगितलंत, बरं झालं, हे मला कुणीच सांगितलं नसतं.

कारिलेतबद्दल वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. माझे वडील बार्शी लाईट रेल्वेवर गँगमन होते. ढोकी-मुरूड भागात त्यांची ड्युटी. माझं बालपण त्या छोट्या गाडीच्या शिट्टीवर गेलं, आई भाकरी टाकायची वेळ त्या शिट्टीवरून ओळखायची. बार्शी लाईट १९११ ला लातूरला पोचली. आता शोधून बघितलं तर ओलोतची लाईनसुद्धा १९११ लाच पुरी झाली. सान फेलिउच्या लायनीची रुंदी ७५ सेंटीमीटर, आपली अडीच फूट म्हणजे ७६ च्या जरा वर. बोटभर फरक. २००८ पर्यंत कुर्डुवाडीपर्यंत सगळी ब्रॉडगेज झाली, ती व्हायलाच पाहिजे होती, लातूरच्या माणसाला थेट मुंबई गाठता आली. पण जिथं मार्ग बदलला, तिथं जुन्या पट्टीचं काय झालं हे मी कधी जाऊन बघितलं नाही. आता बघणार आहे.

एकच विचारतो. ओलोतकडं ज्वालामुखीचा प्रदेश आहे ना? पुस्तकात गारोत्सा म्हणून वाचलंय. आयुष्यभर पोरांना दख्खनच्या काळ्या पाषाणाबद्दल सांगितलं, ज्वालामुखीचा कोन प्रत्यक्ष कधी बघितला नाही.

---

गोदाकाठची, नांदेड

हो गुरुजी, गारोत्सा तेच. चाळीसेक कोन आहेत, झाडांनी झाकलेले. शेवटचा उद्रेक काही हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या सहा-साडेसहा कोटी वर्षांच्या पाषाणापुढं कालचं पोर. सांता मार्गारिदाच्या मुखात उतरलात की आत गवताचं मैदान आणि मधोमध एक लहान चर्च. ओलोतपासून जवळ कास्तेलफोलित दे ला रोका हे गाव बसाल्टच्या पन्नास मीटरहून उंच कड्यावर एका ओळीत उभं आहे, खांबांसारखे दगड स्पष्ट दिसतात. तुम्हाला तिथून हलवणं अवघड जाईल.

ओलोतची वाट ओलोतकडूनच सुरू करा. आधी थोडा चढ, मग आमेरपर्यंत आणि पुढं जिरोनापर्यंत बराचसा उतार. सायकल तिथपर्यंत न्यायची सोय लेकीला आधी विचारून ठेवायला सांगा.

---

मांजराकाठ (जिरोनाहून)

मंडळी, जूनचा तिसरा आठवडा आहे, पोरीच्या टेबलावर बसून लिहितोय. आतापर्यंत आठशे चाळीस किलोमीटर झाले.

तिसऱ्याच दिवशी कारिलेतनं सान फेलिउला गेलो. सावकाश, चार तास. ल्यागोस्तेराच्या जुन्या स्टेशनजवळ सायकल टेकवली आणि बसून राहिलो. उतरत्या कौलांची बैठी इमारत, पुढं फलाटाची जागा. वडील इथं असते तर त्यांनी आधी वाकून खडी बघितली असती, हे मला पक्कं माहीत आहे. मी बघितली. चांगली दाबलेली होती.

उजवीकडून चालवण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, नव्यानं जाणाऱ्याच्या कामाची आहे. गाड्या असल्या की चूक होत नाही, आपण त्यांच्यामागं आपोआप बरोबर जातो. चूक रिकाम्या रस्त्यावर होते, आणि तीही थांबून परत निघताना. मोनेल्सच्या पुढं पाणी प्यायलो, सायकलवर बसलो आणि चांगला अर्धा किलोमीटर डाव्या बाजूनं गेलो. रस्ता इतका शांत की सांगायलाही कुणी नव्हतं. वळणावरून ट्रॅक्टर आला तेव्हा कळलं. त्यानं थांबून मला वाट दिली, हात वर केला, पण माझे पाय लटपटत होते. त्या संध्याकाळी उजव्या मुठीला लाल दोरा बांधला. थांबून निघताना आधी दोरा बघायचा, मग पेडल मारायचं. त्यानंतर चूक झाली नाही.

सी-६६ एकदा नाइलाजानं दोन किलोमीटर चालवला. मागून मोठी गाडी आली, हात ब्रेकवर गेले. गाडी मागंच राहिली, मग पलीकडची अख्खी पट्टी ओलांडून लांबून गेली. मी मित्राला रात्री फोन केला. त्याला दीड मीटरचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, फोटो पाठव रस्त्याचे. रोज पाठवतोय.

समुद्राचा रस्ता ताईंनी सांगितला तसाच केला. पोरीनं सोमवारची रजा काढली, रविवारी रात्री तोस्सात राहिलो. ती बसनं सान फेलिउला येणार, मी सायकलनं. सकाळी साडेसहाला निघालो. पहिल्या तासात अकरा गाड्या मोजल्या आणि सायकलवाले सतरा. दर वळणाला पाणी वेगळ्या रंगाचं, सावलीत गर्द निळं, खडकाजवळ हिरवं. चढ आहेत, दोनदा उतरून ढकलली. एका सज्जावर लाडू काढला आणि बसलो. खाली एक माणूस लहान होडी घेऊन जाळं ओढत होता, वर त्याचा खोकण्याचा आवाज ऐकू येत होता, इतकं शांत. पोरं मोजायची नव्हती. पाऊण तास बसलो. पोरीचा फोन आला, बाबा कुठं आहात. म्हटलं, येतो.

त्रामुंताना एकदा अनुभवला, पाल्सजवळ. खाचरातलं पाणी सगळं एका बाजूला सरकल्यासारखं दिसत होतं. परतताना पाठीवर घेतला.

ओलोत राहिलंय. येत्या मंगळवारी जायचं ठरलंय. कास्तेलफोलितचा कडा आधी बघणार, मग खाली. ताई, आमेरच्या आसपास दुपार होईल असं दिसतंय, दुकानं बंद असतील. तिथं बसायला आणि पाण्याला जागा आहे का?

---

गोदाकाठची, नांदेड

आहे गुरुजी. वाट सोडून गावात शिरा, मोठा कमानींचा चौक लागेल. कमानीखाली दिवसभर सावली असते. पाण्याच्या दोन बाटल्या ओलोतलाच भरून घ्या, आणि खडकाचे फोटो आम्हालाही पाठवा.